चिंचेच्या वळणावर थांबणारी

मित्रांनो, माझ्याकडे कुणी जरा जास्त वेळ बघत उभं राहिलं की मला संशय येतो. जुन्या स्कूटरकडे मायेनं बघणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. जी बघतात, त्यांतली बहुतेक मनातल्या मनात माझं वजन करत असतात. डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीत जिन्याखाली मी उभी असते. अंगावर जुनी चादर, चादरीवर शेजारचं मांजर. ‘न वापरातील वाहने हलवावीत’ अशी पाटी सेक्रेटरींनी माझ्या अगदी डोक्यावर लावलेली आहे. ती दुसरीकडेही लावता आली असती.

माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. ती धड माझीही नाही. ती माझ्या मालकांची आहे, त्र्यंबकराव सोमणांची. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे, आणि ती मला त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. त्र्यंबकरावांचा नंबर लागला तेव्हा त्यांचं लग्न होऊन गेलं होतं, आणि त्यांनी नाव नोंदवलं होतं ते लग्नाआधी. माझा रंग फिकट निळा. मालनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्या हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि विचारलं, “चालवता येते ना हो तुम्हाला?”

“शिकेन,” ते म्हणाले.

ते शिकले, पण पूर्ण कधीच नाही. माझ्यासारखी स्कूटर सकाळी सुरू करायची तर आधी तिला एका अंगावर कलती करायची, मग सरळ करून किक मारायची. हे त्यांना छान जमे. पण माझ्या सीटखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो उघडा असला तरच टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे जातं. पेट्रोल गळून वाया जाऊ नये म्हणून त्र्यंबकराव जिथं थांबतील तिथं तो न चुकता बंद करत. उघडायला मात्र हमखास विसरत. हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

त्र्यंबकराव एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत हिशेब बघत. मन मात्र जुन्या गोष्टींत. ते मूळचे ठाण्याच्या कोपरीचे. तिथली तळी, खाडीवरचे धक्के, कोळीवाड्यातली देवस्थानं यांचा इतिहास लिहायचा, असा त्यांचा ध्यास होता. दर रविवारी आम्ही निघायचो. कधी कल्याणच्या जुन्या वेशीकडे, कधी खाडीकाठच्या गावात. ते इतके बुजरे, की एखाद्या घरापुढे मला उभं करून बराच वेळ सीटवरच बसून राहत आणि विचारायचा प्रश्न पुटपुटत घोकत. मग आतून कुणीतरीच विचारी, “कोन पायजे?”

ठाण्याला श्रीपादराव नावाचे एक संपादक होते. साप्ताहिक चालवत, दिवाळी अंक काढत. त्र्यंबकरावांनी एका शिलालेखावरचा लेख त्यांना दिला. श्रीपादरावांनी पानं उलटली, परत दिली आणि सोडायला खाली आले. माझ्या हँडलवर हात ठेवून म्हणाले, “सोमण, दगड कोण वाचतं हो? त्यात एखादं भूत असलं तर बघा. अंकात पहिलं घेतो.”

“मी भूत बघितलेलं नाही.”

“मग बघितलेली माणसं बघा.”

त्र्यंबकरावांनी लेख डिकीत ठेवला आणि मला किक मारली. पण त्या रविवारपासून त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला. “इथं काही दिसतं का हो कुणाला?” गंमत म्हणजे, देवळाचा इतिहास सांगायला कुणाकडे वेळ नसे, भुताचा सांगायला सगळा वाडा जमे.

आता ते वळण. शीळफाट्याला तेव्हा एक चहाची टपरी होती. तिथं चहा पिऊन आम्ही कल्याणकडे निघालो की थोड्या अंतरावर चिंचेच्या मोठ्या झाडापाशी रस्ता वळतो. तिथं मी बंद पडले. भर दुपारी, एकदम, आवाज न करता. त्र्यंबकरावांनी किका मारल्या, मला कलती केली, पुन्हा किका मारल्या. काही नाही.

चिंचेखाली एक बाई शिराळी-काकड्या घेऊन बसली होती. जनाबाई तिचं नाव, जवळच्याच गावातली.

“गारी बंद परली?” तिनं विचारलं.

“हो ना. कळत नाही काय झालं.”

“कलायचं काय त्यात? जरा बस. ती हितं टेकल्याबिगर कोनाला जाव देत नाय.”

“कोण ती?”

जनाबाईनं हनुवटीनंच दाखवलं. चिंचेच्या बुंध्याशी एक दगड अर्धा मातीत रुतलेला होता, वर शेंदूर. त्र्यंबकराव गुडघे टेकून बसले. रुमालानं माती पुसली. वरती चंद्र आणि सूर्य. खाली झिजलेल्या ओळी. त्याखाली कोरलेलं गाढव. ते मला, उन्हाला, जनाबाईला, सगळ्यांना विसरले. तो गधेगाळ होता. जुन्या राजांच्या काळी एखादी जमीन दान दिली, की ती पुढे कुणी लाटू नये म्हणून असा शापाचा दगड रोवत.

खूप वेळानं ते परत आले, मन दगडातच असताना सवयीनं सीटखाली हात घालून कॉक उघडला, मला कलती केली, किक मारली. मी सुरू झाले.

“बघ,” जनाबाई म्हणाली. “टेकलास, सोरलं.”

पुढच्या रविवारी ते दगडासाठी पुन्हा आले. पुन्हा टपरीवर चहा, पुन्हा त्याच चिंचेपाशी मी बंद. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मित्रांनो, यात गूढ काही नव्हतं. टपरीवर कॉक बंद होई. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये जे थोडं पेट्रोल उरलेलं असे, त्यावर मी धावे. ते दर वेळी चिंचेपाशीच संपे. मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

पण मला तोंड नव्हतं, आणि श्रीपादरावांकडे छापखाना होता.

‘दगडावरची’ हा लेख दिवाळी अंकात पहिला आला. त्र्यंबकरावांनी त्यात खोटं काहीच लिहिलं नव्हतं. गाडी कुठं थांबली, जनाबाई काय म्हणाली, दगडावर काय आहे, एवढंच. पण वाचणाऱ्यांना गाढव दिसलं नाही, चंद्र-सूर्य दिसले नाहीत. फक्त भूत दिसलं. मग इतरांच्याही गाड्या तिथं बंद पडायला लागल्या. घाबरून चौथ्या गिअरमध्येच वेग कमी केला, तर गाडी दुसरं काय करणार?

त्र्यंबकराव प्रसिद्ध झाले. कल्याण, डोंबिवली, ठाणे, प्रत्येक वाचनालयात व्याख्यान. शाल माझ्या डिकीत आणि नारळ पायाशी ठेवून आम्ही घरी यायचो. ‘भूतवाले सोमण’ असं नाव पडलं. भुतांची पुस्तकं निघाली, संपली, पुन्हा निघाली. माझीही स्तुती झाली. ‘हीच का ती?’ म्हणून मुलं मला हात लावत आणि पळून जात. कोपरीच्या तळ्यांचा इतिहास मात्र कुणी छापला नाही.

मग एकदा मालनताई मागे बसून आल्या होत्या. टपरीवर चहा झाला. चिंचेपाशी मी थांबले. त्र्यंबकराव गंभीर चेहरा करून उतरले.

मालनताई उतरल्या नाहीत. “अहो, मघाशी चहाच्या वेळी खाली हात घालून काय बंद केलंत?”

त्र्यंबकरावांनी सीटखाली पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी हात घालून कॉक उघडला, मला सुरू केलं, आणि थेट घर गाठलं.

त्या दिवसापासून त्यांनी त्या टपरीवर चहा घेणं सोडलं. मी तिथं कधी बंद पडले नाही. पण ‘दगडावरची’ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

इथून मला त्यांचा संशय यायला लागला. शालीसाठी गप्प राहिले का? एवढा सज्जन माणूस, खऱ्याखोट्याचा कीस काढणारा. मी त्यांच्यावर मनातून रुसले. नंतर आणखी काही दिसलं, आणि माझा मलाच प्रश्न पडला. आम्ही फिरायचो त्या गावांतले असेच जुने दगड एकेक करून नाहीसे होत होते. कुठं चौथऱ्यात चिणला, कुठं धुणं आपटायला घेतला, कुठं रस्त्याच्या भरावात गेला. चिंचेखालच्या दगडाला मात्र कुणी बोट लावत नव्हतं. रस्ता रुंद झाला, तोही त्याला वळसा घालून. त्र्यंबकराव त्याच्याजवळून जाताना वेग कमी करत, एकदा बघत आणि पुढे जात. त्या बघण्याचा अर्थ मला कधी लागला नाही. मी यंत्र आहे. चुकत असेन.

वर्षं गेली. त्यांचे गुडघे दुखायला लागले, माझे सुटे भाग मिळेनासे झाले. मी जिन्याखाली आले. पहिल्या वर्षी ते रोज पुसत. मग आठवड्यानं. मग चादर आली.

परवाच्या हिवाळ्यात एक तरुण माझ्यापुढे उभा राहिला. चादर उचलून त्यानं नंबर पाहिला, फोटो काढला. भंगारवाला बूट इतके चकचकीत घालत नाही, म्हणून मी आणखीच सावध झाले. तेवढ्यात त्र्यंबकराव दूध घेऊन परत आले.

“सोमणकाका ना? मी जयेश. चिंचेच्या वळणावर आमच्या शेठचं प्रोजेक्ट येतंय, मी सेल्स बघतो. काका, तुमचं भूत आमचे फ्लॅट विकू देत नाहीये.”

“माझं भूत?”

“लोक बुकिंगला येतात, मोबाइलवर नाव टाकतात, की तुमचा लेख वर येतो. कस्टमर कलटी. काका, एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही तिथं उभं राहून बोलायचं, भूतबीत काही नाही. बस.” मग तो हसला. “मी माहिती काढून आलेलो. तुमचं एक इतिहासाचं पुस्तक पडून आहे ना? शेठ बोललेत, आम्ही छापू. ग्लॉसी पेपर. प्रत्येक फ्लॅटबरोबर एक कॉपी.”

त्र्यंबकरावांनी दुधाची पिशवी माझ्या सीटवर ठेवली. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट अशी जिन्याखाली चालत आली होती.

“आणि दगड?” त्यांनी विचारलं.

“दगड काय, गार्डनमध्ये लावू ना. कारंज्याच्या बाजूला. नायतर... बघू.”

मला तो ‘बघू’ आवडला नाही. त्र्यंबकरावांनाही आवडला नसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि मालनताई फिरून आले आणि माझ्याजवळच्या कठड्यावर बसले.

“खरं सांगायला काय जातं?” मालनताई म्हणाल्या.

“दगड जातो.”

“मग राहू दे भूत.”

“इतकी वर्षं तेच केलं गं. लोकांना घाबरवून एक दगड वाचवला. इतिहास सांगून एकही वाचला नाही.” ते माझ्या चादरीकडे बघत राहिले. “पण गाडी का थांबली ते मला माहीत असताना, मरेपर्यंत भूत म्हणून सांगायचं? मी नक्की कोण, भूतवाला की इतिहासवाला, तेच कळत नाही.”

“तुम्ही कॉकवाले,” मालनताई म्हणाल्या.

ते हसले. मित्रांनो, त्यांना हसताना मी फार दिवसांनी ऐकलं. आणि माझा जुना रुसवा तिथंच गेला. शालीसाठी नव्हतं ते.

“दोन्ही सांगतो,” ते उठत म्हणाले. “आधी भूत नाही ते. मग दगडावर काय लिहिलंय ते. गावासमोर. पुस्तक त्यांचं त्यांना लखलाभ.”

“आणि तरी दगड काढला तर?”

त्यांनी वाकून माझ्या टायरमधली हवा दाबून बघितली.

गुणाजी मेकॅनिकला बोलावलं गेलं. त्यानं चादर काढली, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, “काका, हिला आता आराम द्या की.” पण काम मनापासून केलं. कार्ब्युरेटर धुतला, नळी बदलली, कॉक नवीन टाकला. पहिल्या किकला मी खोकले, दुसऱ्या किकला बोलले. शेजारचं मांजर निघून गेलं.

चिंचेच्या वळणावर चिंच नव्हती. बुंधा तेवढा उरला होता, आणि त्याच्याशी दगड. शेजारी माती उकरायचं पिवळं यंत्र उभं. गावातली माणसं जमली होती. खुर्चीवर जनाबाई, आता पार थकलेली. जयेश मोबाइल धरून तयार होता. “काका, भूत नाही एवढं बोला आणि मोकळे व्हा.”

“बोलत नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “करून दाखवतो.”

आम्ही मागे शीळफाट्याला गेलो. टपरीच्या जागी आता ज्यूसचं दुकान आहे, पण चहा मिळतो. त्यांनी चहा घेतला. आजूबाजूला लोक, मोबाइल. त्यांनी सीटखाली हात घातला आणि कॉक फिरवला, जसा पूर्वी बंद करत, अगदी तसा.

आणि तिथंच घोळ झाला. गुणाजीनं टाकलेला कॉक नव्या घडणीचा होता. जुन्यात ज्या बाजूला ‘बंद’ होतं, त्या बाजूला यात ‘रिझर्व्ह’ होतं. पेट्रोल बंद झालंच नव्हतं. टाकी भरलेली, वाट मोकळी. मी बुंधा ओलांडून थेट कल्याणपर्यंत जाऊ शकले असते.

ते मोठ्यानं म्हणाले, “पेट्रोल बंद केलंय. आता बघा, त्या बुंध्यापाशी थांबेल. ना अलीकडे, ना पलीकडे.” आणि निघाले.

मला सांगायचं होतं. सांगणार कशी? मी नुसती धावत राहिले. मी थांबले नाही, तर या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्यातलं पहिलं धीट वाक्य खोटं ठरणार होतं. लोक हसले असते. त्यानंतर दगडावरचं वाचन कोण ऐकणार? वळण आलं. इंजिन छान चाललं होतं. गुणाजीचा हात चांगलाच आहे.

बुंध्यापाशी मी बंद पडले.

एकदम, आवाज न करता. पूर्वी पडायची तशी.

टाळ्या पडल्या. त्र्यंबकराव उतरले, धाप लागली होती. “पाहिलंत? भूत नाही. माझा विसराळूपणा. मी टपरीवर पेट्रोल बंद करायचो आणि उघडायला विसरायचो. जनाबाई, माफ करा.”

“माजी कनाला मागतंस माफी?” जनाबाई म्हणाली. “तुला वलवून बसवलं ना तिनं? कॉकनी का होईना.”

जयेशनं मोबाइल खिशात टाकला. तो खूश होता. “एक नंबर, काका. सहदेव, घे रे मशिन.”

सहदेव म्हणजे त्या पिवळ्या यंत्राचा चालक. तो चढायला निघाला.

“थांबा,” त्र्यंबकराव म्हणाले. “भूत नाही हे मी सांगितलं. दगडावर आहे, ते आता वाचतो. ते मी लिहिलेलं नाही.” ते बुंध्याशी बसले आणि बोट फिरवत सावकाश वाचायला लागले. आवाज आधी कापरा होता, मग नव्हता. ही जमीन गावच्या तळ्यासाठी दिली आहे. चंद्र-सूर्य आहेत तोवर ती गावाची. जो हिरावून घेईल, जो हा दगड हलवील, त्याच्या... इथं ते थांबले.

“पुढं काय, काका?” सहदेवनं विचारलं.

“पुढचं बायामुलांसमोर वाचण्यासारखं नाही. ते गाढव उगाच कोरलेलं नाही.” त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं.

सहदेवचा चेहरा उतरला. त्यानं दगडाकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं. मग यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली.

“काय लिहिलंय?” जयेशनं विचारलं.

“साहेब,” सहदेव म्हणाला, “तुम्हीच चालवा.”

जयेश चालवायला गेला नाही. गावातली माणसं तोवर दगडाभोवती उभी राहिली होती. भुताला घाबरून आजवर लांबून नमस्कार करणारी माणसं पहिल्यांदाच जवळ येऊन अक्षरांवरून हात फिरवत होती. “आमचे गावाचं लिवलंय यो,” जनाबाई पुन्हा पुन्हा सांगत होती.

इमारत आता उभी राहते आहे. तिचं फाटक थोडं बाजूला सरकलं आहे. दगड जागेवर आहे, भोवती गावानं कठडा बांधला आहे. त्र्यंबकरावांचं पुस्तक अजून छापलेलं नाही. मात्र दुसऱ्या एका गावानं त्यांना त्यांचा दगड वाचायला बोलावलं होतं, आणि भूत आहे का, असं त्या गावात कुणी विचारलं नाही.

मी परत जिन्याखाली आले. त्या दिवशी मी का थांबले, याचा विचार मी रोज करते. नळीत कचरा अडकला असेल. गुणाजीला विचारलं तर तो हेच म्हणेल. पण त्र्यंबकरावांनी कॉक पुन्हा ‘उघडला’, मला कलती केली, आणि मी एका किकला सुरू झाले. कचरा असा एका किकला निघून जातो का? मी यंत्र आहे. मला मन आहे असं मी म्हणत नाही. आणि त्या दगडावर कुणी आहे, असं म्हणायचंही माझं धाडस नाही. फक्त संशय आहे. तो माझा मी जपून ठेवला आहे.

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही एखादा रुतलेला दगड असेल, जिन्याखाली एखादी जुनी गाडी असेल. त्यांच्यापाशी थांबायला आपली गाडी बंद पडायची वाट बघू नका. आपण होऊन जरा टेका. माती पुसा, काय लिहिलंय ते वाचा. आणि चादर उचलून माझ्याकडे बघाल, तेव्हा आधी तुमचं नाव सांगा. म्हणजे मी घाबरणार नाही.